स्टाफ पास, चार जणांसाठी

वर्षातून एक पास मिळतो, चार जणांसाठी.
आम्ही पाच.
म्हणजे आधी ठरवायचं ते, मागे कोण राहणार.

विल्बर्टने वहीचं पान फाडून रेघा मारल्यात:
वायादोलिदहून कोम्बीचं भाडं, जाऊन-येऊन. लॉकर. फोटो.
फोटोपुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं, खोडलं,
पुन्हा काढलं.
एका फोटोत आमचा आठवड्याचा मका येतो.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही.
सासूबाई ऐकून घेतात
आणि केळीची पानं विस्तवावर शेकायला लागतात.

फॉर्ममध्ये वजन. उंची. पोहता येतं का.
हृदयाचा काही त्रास.
हायरोला दाराच्या चौकटीशी उभा केला:
एक मीटर एकोणीस.
"टाचा," मी म्हणते. "टाचा खाली."
एक वीस लागतात.
बोटाच्या पेराएवढा समुद्र कमी पडतोय.

नळीतून श्वास घ्यायची त्याची तालीम रोज चालते,
कपड्यांच्या बादलीत डोकं घालून, सरबताच्या स्ट्रॉने.
काल तळाशी एक बटण दिसलं.
बटण! म्हणत निथळत्या अंगाने
शेजारच्या दोन घरांत दाखवून आला.

यामिली सोळाची. ती झोळीतूनच बोलते,
एक पाय भिंतीला रेटत.
"ते हसत नसतात. त्यांचा जबडाच तसा असतो.
मेलेला डॉल्फिनसुद्धा हसताना दिसतो."

विल्बर्ट पेन्सिलीला टोक काढत बसतो.
बराच वेळ.

मग सासूबाई माया बोलीत विचारतात,
तो झोपतो कसा, एवढ्या पाण्यात?
हे यामिलीला ठाऊक आहे:
अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो,
नाहीतर श्वास घ्यायला वर कोण येणार.
सासूबाई माझ्याकडे बघतात.
"तुझ्यासारखा," म्हणतात, आणि पान उलटतात.

अकरा वर्षं मी तिथे टॉवेल धुते.
लाँड्री त्यांच्या तळ्यामागे, मध्ये एक भिंत.
पहाटपाळीला, यंत्रं सुरू व्हायच्या आधी,
पलीकडून शीळ येते.
शीळ म्हणू, की न तेल दिलेली बिजागरी,
की फुग्याचं तोंड चिमटीत धरून कोणी हवा सोडतंय.
त्यातला एक आवाज मी ओळखते,
मध्येच अडखळतो तो.
गेल्या फेब्रुवारीत नऊ दिवस आला नाही.
विचारायचं कुणाला? मी टॉवेलवाली.
दहाव्या दिवशी आला तेव्हा
एकाच टॉवेलची मी तीनदा घडी घातली.

भिंतीच्या त्या बाजूला मी कधी गेले नाही.
पास दरवर्षीचा, आणि दरवर्षी काही ना काही निघतं:
बाळंतपण, उडालेलं छप्पर, विल्बर्टचा गुडघा.

तर, मागे कोण?
सासूबाई म्हणतात, मी. पाण्याची माझी ओळख घोट्यापर्यंतच.
यामिली म्हणते, मी. मला तसंही यायचं नाहीये.
विल्बर्ट काही न बोलता
स्वतःच्या नावावर पेन्सिलीची बारीक रेघ ओढतो,
खोडता येईल इतकी बारीक.
हायरो बादलीत आहे.

रात्री दिवा मालवायच्या आधी
मी ते पान घेते, हायरोच्या दप्तरातलं पेन घेते
आणि सगळ्यात वर लिहिते, निदिया.
पेनने.
खालची चार नावं तशीच राहू देते.

अंधारात झोळीचा दोर करकरतो.
"आई, अकरा वर्षं ऐकतेस. कसा असतो तो आवाज?"

मी ओठ ओले करते.
पहिल्यांदा नुसतीच हवा जाते.
दुसऱ्यांदा जमतं, पण अडखळ चुकते,
फार लवकर येते.
"थांब," मी म्हणते. "असा नाही. थांब."